दुकान मुलाच्या नावावर केलं, पण जुना मालमत्ता कर कोणी भरायचा?

बक्षीसपत्राच्या व्हिडिओला जोडून ही टिपणं. वय झालं की बरेच व्यापारी दुकान किंवा गाळा मुलाच्या नाहीतर मुलीच्या नावावर करतात. बक्षीसपत्र नोंदवलं, पेढे वाटले, विषय संपला असं वाटतं. मग महापालिकेची नोटीस येते आणि घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "थकबाकी तुमच्या काळातली, तुम्ही भरा." वडील म्हणतात, "दुकान आता तुझं, तू भर."

कायदा काय म्हणतो, ते तीन मुद्द्यांत बघू.

१. थकबाकी मिळकतीबरोबर येते
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १४१ नुसार मालमत्ता कराचा बोजा त्या मिळकतीवरच असतो. सरकारचा जमीन महसूल सोडला तर हा पहिला बोजा. मालक बदलला तरी तो हटत नाही. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, पण तत्त्व हेच.

२. "मला माहीत नव्हतं" चालत नाही
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये एक संरक्षण आहे. ज्याने मोबदला देऊन मिळकत घेतली आणि ज्याला बोजाची कल्पना नव्हती, त्याला ते मिळू शकतं. १९७१ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिलावात मिळकत घेणाऱ्याला ते दिलं. पण बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो! त्यामुळे मुलाला या कलमाचा आधार नाही.

शिवाय वडिलांनी आपली सगळीच मालमत्ता एकाला बक्षीस दिली, तर कलम १२८ प्रमाणे त्यांच्या तेव्हाच्या कर्जांची आणि देण्यांचीही जबाबदारी, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, घेणाऱ्यावर येते.

३. वडीलही सुटत नाहीत
हस्तांतरणाची लेखी सूचना ३ महिन्यांत महापालिकेला द्यायची असते, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही. ती दिली नाही आणि नोंदही झाली नाही, तर पुढचा करसुद्धा वडिलांकडून मागता येतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला म्हणजे कराच्या बिलावरचं नाव बदललं, असं धरून चालू नका.

वाद किती महाग पडतो?
समजा, थकबाकी ६०,००० रुपये. शास्ती दरमहा २ टक्के, म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये. तुम्ही भांडत बसलात, की मीटर चालूच!

बक्षीसपत्राआधी एवढं करा
- करसंकलन कार्यालयातून थकबाकीचा उतारा घ्या. ग्रामपंचायत हद्दीत घरपट्टीची पावती आणि नमुना ८ तपासा.
- थकबाकी भरा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.
- लगेच भरणं शक्य नसेल, तर कोणत्या तारखेपर्यंतचा कर कोण भरणार हे बक्षीसपत्रातच लिहा. हे कलम तुम्हा दोघांपुरतं. महापालिकेवर ते बंधनकारक नाही. पण भरलेले पैसे दुसऱ्याकडून मागायला आधार राहतो.
- दस्त नोंदवल्यावर ३ महिन्यांच्या आत सूचना द्या आणि पोच जपून ठेवा.

व्यवसायासाठी आणखी एक गोष्ट. जीएसटी नोंदणीत जागेचा पुरावा म्हणून मालमत्ता कराची पावती चालते. पावतीवर जुनंच नाव राहिलं, तर तिथेही प्रश्न येतात.

आज एकच काम करा: दुकानाची शेवटची पावती काढा आणि तिच्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. मिळकत मोठी असेल किंवा भावंडांचा हिस्सा असेल, तर दस्ताचा मसुदा वकिलाला दाखवूनच सही करा.