बियाण्याच्या बाटलीसाठी लाकडी बूच

कांद्याचे बी अल्पायुषी असते. उघड्यावर ठेवलेल्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात बरीच खालावते आणि दमट हवेत त्याहूनही लवकर. म्हणून घरचे थोडे बी राखणारे शेतकरी ते काचेच्या बाटलीत ठेवतात. परंतु बाटलीचे मूळचे झाकण बहुधा हरवलेले असते, आणि तोंडात चिंधीचा बोळा किंवा मक्याचे बुरकुंड कोंबले जाते. पावसाळी हवेला त्याचा काहीच अडथळा होत नाही. गावात लेथवर कातकाम करणारा सुतार असेल, तर त्याच्याकडून चांगले लाकडी बूच करून घेता येईल.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. खरे बूच म्हणजे पोर्तुगाल, स्पेन इत्यादी देशांत होणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. तिच्यातील पेशी हवेने भरलेल्या असल्यामुळे ती दबते आणि काचेला घट्ट बसते. लाकूड तसे दबत नाही. शिवाय दमट हवेत ते फुगते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, जाडीच्या दिशेने मात्र नसतो. लाकडातील ओलावा ७ टक्क्यांनी वाढल्यास १८ मिलिमीटर जाडीचे बूच सुमारे ०.३ मिलिमीटरने फुगू शकते. उन्हाळ्यात ठोकून घट्ट बसविलेले बूच श्रावणात निघत नाही, आणि जोर केला तर बाटलीची मान तडकते. याकरिता लाकडाने मान भरून काढू नये. फट बुजविण्याचे काम मेणवलेल्या दोऱ्याकडे सोपवावे.

लाकूड बारीक कणाचे, बिनगाठीचे व वास नसलेले घ्यावे. चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या काळ्या कुड्याच्या लाकडाची करतात, ते या कामास उत्तम. लाकूड पूर्ण वाळलेलेच हवे. ओल्या लाकडाचे बूच वाळताना सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. गोल कातलेले बूच लंबगोल होते आणि मग दोराही फट भरू शकत नाही.

बाटलीच्या मानेचे आतील माप कॅलिपरने आडवे व उभे असे दोनदा घ्यावे, कारण सर्वच माना नेमक्या गोल नसतात. लहान माप १९ मिलिमीटर भरल्यास बुचाचा आत जाणारा भाग १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ३० मिलिमीटर लांबीचा ठेवावा. तंतू बुचाच्या लांबीच्या दिशेने यावेत. आडव्या तंतूचे बूच ओढताना डोक्यापाशी मोडते.

चौकोनी तुकडा लेथवर पक्का धरून प्रथम गोल पटाशीने गोल करावा, नंतर तिरक्या पटाशीने माप व सफाई आणावी. हत्यार टेकविण्याची पट्टी लाकडाच्या शक्य तितकी जवळ असावी. लेथ सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने एक फेरा फिरवून पाहावा. मापही लेथ थांबवूनच घ्यावे. धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाह्या व हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. डोळ्यांवर चष्मा असावा.

आत जाणाऱ्या भागावर १० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर खोल अशी खाच कातावी. त्यानंतर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरावी. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. ती केवड्याच्या वाळलेल्या पानाने घासल्यास चकाकी येते. बुचाच्या तळाला लाख अवश्य द्यावी, कारण तंतूंची टोके तेथे उघडी असतात व ओलावा तेथूनच झपाट्याने शिरतो. घाईत नेमका हाच भाग राहून जातो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटच्या बाटलीस असे बूच चालणार नाही.

खाचेत मधमाश्यांच्या मेणात बुडविलेला सुती दोरा एकाशेजारी एक गुंडाळावा. दोरा लाकडाहून इतकाच वर यावा की बूच हलक्या हाताने पिळत आत जाईल. मग बाटलीत पाणी भरून ती रात्रभर आडवी ठेवावी. सकाळी खालचा कागद ओला दिसल्यास दोऱ्याचे आणखी दोन वेढे द्यावेत.

बी मात्र आधी नीट वाळलेले हवे. हवाबंद साठवणुकीसाठी कांद्याच्या बियातील ओलावा ६ टक्क्यांहून अधिक नसावा. ओले बी बंद बाटलीत उघड्यापेक्षा लवकर खराब होते. कीटकनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी या कामी घेऊ नये. दोरा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी बदलावा. लाकडी बूच तेच राहते.