विल्क्सच्या डोक्यावरची टोपी

भाची : मामा, हा माणूस खरंच तिरळा होता, की चित्रकारानं खोडसाळपणा केलाय?

मामा : तिरळा होताच. पण विल्यम होगार्थनं ते लपवायचं सोडून त्याला छद्मी हसू जोडलं. विगची टोकं बघ, सैतानाच्या शिंगांसारखी उभी केलीत! हा जॉन विल्क्स, ब्रिटिश संसदेचा सदस्य. चित्र १७६३ च्या मे महिन्यातलं.

भाची : एवढा राग कशाचा?

मामा : टेबलावर बघ. 'नॉर्थ ब्रिटन' या विल्क्सच्या साप्ताहिकाचे दोन अंक, १७ आणि ४५. होगार्थ राजाच्या पदरी चित्रकार होता, त्यानं सरकारची तळी उचलणारं चित्र काढलं. त्यावर विल्क्सनं सतराव्या अंकात त्याची सालटी काढली.

भाची : आणि पंचेचाळीस?

मामा : त्यानं तर सरकारच हादरलं. सात वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या तहाची राजा तिसऱ्या जॉर्जच्या भाषणात वाखाणणी होती. विल्क्सनं त्या भाषणावर झोड उठवली. मग सरकारनं असं वॉरंट काढलं, की ज्यात आरोपींची नावंच नव्हती! लेखक, मुद्रक, प्रकाशक, जो सापडेल तो आत. विल्क्सला टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं. आठवडाभरात न्यायालयानं त्याला सोडलं, कारण संसद सदस्याला असं पकडता येत नव्हतं. होगार्थनं न्यायालयात बसूनच त्याचं रेखाटन केलं.

भाची : मग ते छापलं कसं?

मामा : तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यावर रेघा ओढायच्या आणि पत्र्यावर तेजाब सोडायचं. मेण खरवडलेल्या जागी तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरून ओला कागद दाबला, की छाप तयार. छाप उलटी उमटते, म्हणून पत्र्यावर अक्षरंसुद्धा उलटीच कोरावी लागतात.

भाची : म्हणजे एका पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती?

मामा : पत्रा झिजेपर्यंत! किंमत एक शिलिंग. थोड्याच आठवड्यांत चार हजारांच्या आसपास खपल्या म्हणतात. उमरावाचं तैलचित्र त्याच्या दिवाणखान्यात राहायचं. ही छाप मात्र दुकानाच्या काचेत लागायची. मताचा हक्क मूठभरांनाच असला, तरी तिच्यासमोर उभं राहून हसायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

भाची : पण काठीवर ही टोपी कसली?

मामा : रोममध्ये गुलामाची सुटका झाली, की त्याला अशी टोपी मिळे. होगार्थनं तिच्यावर 'स्वातंत्र्य' असं लिहून ती विल्क्सच्या डोक्यावर धरली, म्हणजे 'हा म्हणे स्वातंत्र्याचा कैवारी' असा टोमणा. लोकांनी मात्र तो टोमणा बाजूला सारला आणि टोपी तेवढी घेतली! विल्क्सच्या चाहत्यांनी हेच चित्र मिरवलं. 'विल्क्स आणि स्वातंत्र्य' ही घोषणा झाली, ४५ हा आकडा भिंतींवर रंगला. चीनहून मागवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवरही हा चेहरा उमटला.

भाची : म्हणजे होगार्थ हरला!

मामा : राजकारणात हरला. विल्क्सला १,००० पौंड भरपाई मिळाली, आणि नाव नसलेली वॉरंटं पुढे बेकायदा ठरली. त्याला संसदेतून पुन्हा पुन्हा हाकललं, तरी १७७४ मध्ये तो लंडनचा महापौर झालाच. पण हात होगार्थचाच भारी. दिवसेंदिवस आपण त्या चित्रासारखे दिसायला लागलोय, असं उतारवयात विल्क्सच गमतीनं सांगायचा.