शिक्का खरा, पत्र खोटं

चि. बाई,

भालकीच्या मराठी शाळेत समाजविज्ञान तुझ्याकडे आलं, बरं झालं. पोरं सनावळ्या घोकतात आणि एसएसएलसी झाली की विसरतात, अशी तुझी तक्रार. घोकू देत. सनावळी पाठ नसलेला इतिहास नुसत्या गप्पा होतो, असं माझं जुनाट मत आहे. फक्त सन सांगून पुढच्या धड्याकडे पळू नकोस.

बिदरला बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशात त्यांना ने. 1472 ची इमारत. दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशा जिथे उरल्यात, तिथे बसवून गवानच्या शेवटाची हकीकत सांग. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतान तिसऱ्या महंमदाने शहानिशा न करताच 1481 मध्ये त्याची गर्दन मारवली. मग विचार: शिक्का खरा, पत्र खोटं, सुलतानाने काय तपासायला हवं होतं? अक्षर कोणाचं, कागद आणला कोणी, गवान गेल्याने फावलं कोणाचं, हे पोरंच सांगतील. त्यावर पुढचा प्रश्न टाक: ही हकीकत आपल्याला सांगतो कोण? इतिहासकार फरिश्ता. तो विजापूरच्या आश्रयाने, सव्वाशे वर्षांनी लिहीत होता. मग त्याच्यावर तरी कितपत भरवसा ठेवायचा? एवढ्यात तास संपला तरी चालेल. चालुक्य, राष्ट्रकूट पुस्तकात आहेतच.

1948 चा धडा मात्र जपून घे. मे महिन्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आपल्या जिल्ह्यातल्या गोरट्यात कत्तल केली, ती सांग. सप्टेंबरात निजामाविरुद्ध भारत सरकारची पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर मुसलमानांवर अत्याचार झाले, तेही सांग; सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत बिदर आणि गुलबर्गा होते. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. दोन्हीकडची नातवंडं-पतवंडं तुझ्या वर्गात एकाच बाकावर असतील. अर्धंच सांगणारा मास्तर लबाड. आणि ‘तुमच्या घरी काय झालं होतं?’ असं भर वर्गात कोणाला विचारू नकोस. ज्याला सांगायचं असेल तो मधल्या सुट्टीत येईल.

1956 ची राज्यपुनर्रचना सोपी आहे. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आंध्रात, भालकी, औराद म्हैसूरकडे: नकाशा फळ्यावर काढ आणि कोणाची आत्या, कोणाचा मामा आता कुठल्या राज्यात, ते त्यावर भरून घे.

घरात निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद असतील तर आणायला सांग. उर्दू वाचणारं कोणीतरी गावात सापडेलच. त्यावरचं साल फसली असतं. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. पण झेरॉक्सच मागव. मूळ कागद शाळेत आला आणि हरवला, तर भाऊबंदकीच्या दाव्यात तुलाच साक्षीला उभं करतील.

तुझा
मामा