नोकरीचा अर्ज कसा लिहावा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनाही नोकरी शोधावी लागली होती. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस परतले आणि पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. एवढी विद्वत्ता असूनही मधला काळ ओढाताणीचा गेला. आज आपल्या कुणकेश्वर पंचक्रोशीतील मुले-मुली शिकली. परंतु अर्ज लिहिताना पुष्कळांचा हात अडतो. कित्येक घरांत अर्ज करणारी ही पहिलीच पिढी असते. म्हणून आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

बायोडाटा म्हणजे आपली शिक्षण-अनुभवाची माहिती. सोबतचे पत्र म्हणजे ती माहिती त्या जागेला कशी उपयोगी आहे, हे सांगणारा मजकूर. दोन्ही आपल्या गैरहजेरीत वाचले जातात. तेथे नुसते नावही पुष्कळ काही ठरविते. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठविले गेले. पात्रता सारखी, नावे मात्र वेगवेगळी. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशच भरले. हा अन्याय एका चांगल्या अर्जाने नाहीसा होणार नाही. पण अर्ज नाकारायला दुसरे निमित्त आपण देऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

खाजगी नोकरीच्या बायोडाटात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती लिहिण्याची गरज नसते. यात काही लपविणे नाही. कामाशी ज्याचा संबंध नाही, ते लिहू नये इतकेच. सरकारी अर्जात मात्र याच्या उलट. तेथे प्रवर्ग अचूक लिहावा आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच असावे. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राने ठरविलेल्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. तो जाहिरात निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. जात पडताळणीचे कामही शेवटच्या दिवसांवर टाकू नये.

“अनुभव नाही” असे आपली मुले चटकन लिहून टाकतात. हे बरोबर नव्हे. समजा, एखाद्याने आंब्याच्या हंगामात बागेत काम केले. त्याने “दोन हंगाम आंब्याची प्रतवारी केली, पेट्या भरल्या, रोजच्या पेट्यांची नोंद ठेवली” असे लिहावे. महाशिवरात्रीच्या जत्रेत दुकान सांभाळले असेल, तर गिऱ्हाईक व रोख हिशेब दोन्ही आले. भीमजयंतीचा जमाखर्च लिहिला असेल, तर तेही काम आहे. आकडा खरा असावा, वाढवून लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. शिवाय मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण घेतलेले आहे.

बायोडाटा नव्या उमेदवाराने एका पानातच संपवावा. वर नाव, मोबाईल व ई-मेल. मग शिक्षण, अलीकडचे आधी. मग काम, संगणक व भाषा. मालवणी येत असेल तर पर्यटनाच्या नोकरीसाठी ती जरूर लिहावी.

पत्र तीन परिच्छेदांचे पुरे. पहिल्यात कोणती जागा आणि ती कोठे समजली. दुसऱ्यात त्या जागेला लागणारे आपले एक-दोन गुण, पुराव्यासह. तिसऱ्यात भेटीस केव्हा येऊ शकता ते. “घरची परिस्थिती हलाखीची आहे, कृपया नोकरी द्यावी” असे लिहू नये. नोकरी ही भीक नव्हे. आपण आपले श्रम व कौशल्य देऊ करीत असतो. एकच पत्र दहा ठिकाणी पाठवू नये. प्रत्येक जाहिरात वाचून त्यातले दुसरे परिच्छेद बदलावे.

अर्ज पाठविण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. समाजातील नोकरदार बंधू-भगिनींना आमची विनंती आहे, की सुट्टीत गावी आल्यावर एका तरी मुलाचा अर्ज तपासून द्यावा. वर्गणीइतकेच ते मोलाचे दान होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!