धाकट्यांच्या कानी पडणारे आपले शब्द

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एखादे धाकटे भावंड असेल. त्याला मराठी बोलावयास कोणी शिकविले? पाटीपेन्सिल घेऊन कोणीच बसले नव्हते. ते ऐकता ऐकता शिकले. आपण त्याच्याशी जे बोललो, ते त्याने उचलले. आणि त्याच्या देखत आपण इतरांशी जे बोललो, तेही उचलले. या दुसऱ्या पाठाकडेच आपले बहुधा लक्ष नसते.

घरकामास येणाऱ्या बाईंना आपण ‘अहो मावशी’ म्हणतो की नुसतेच ‘ए’ म्हणतो, हे मूल रोज ऐकत असते. तू, तुम्ही आणि आपण यांतील भेद व्याकरणाच्या तासाला फार उशिरा येतो. कोणाला मान द्यावयाचा हे बालकाने तत्पूर्वीच ठरवून टाकलेले असते. बडोद्यासारख्या नगरीत तर ही जबाबदारी अधिकच वाढते. तेथे घराबाहेर गुजराती कानी पडते. म्हणून घरात जी मराठी बोलली जाते, तीच लहान मुलाची बहुतेक सगळी मराठी होय. ती शिवराळ असेल, तर मातृभाषा म्हणून त्याच्या वाट्याला तेवढेच येणार. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अनुकरणाची ही शक्ती प्रयोगानेही दिसून आली आहे. १९६१ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा व त्यांचे सहकारी यांनी ७२ लहान मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकी काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला मारले व तो तिला कठोर शब्दही बोलला. मुलांना ‘असे करा’ असे कोणी सांगितले नव्हते. तरीही पुढे तशीच बाहुली समोर येताच त्यांतील अनेकांनी ते प्रहार आणि ते शब्दही जसेच्या तसे गिरविले.

खोट्या बोलण्याचेही असेच आहे. ‘रडू नकोस, तुला खाऊ आणतो,’ असे सांगून आपण रिकाम्या हाताने परततो. दाराशी कोणी आले, तर ‘बाबा घरी नाहीत असे सांग,’ म्हणून मुलालाच पाठवितो. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात झालेले एक संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या खोलीत पुष्कळ खाऊ आहे अशी थाप काही मुलांना मारण्यात आली आणि नंतर ती थाप होती असे त्यांना सांगण्यात आले. पुढे एका खेळात, पाठीमागचे खेळणे चोरून पाहू नये, असे मुलांना बजावले होते. शाळकरी वयाच्या मुलांत, ज्यांना थाप मारली होती त्यांनी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात चोरून पाहिले आणि विचारल्यावर अधिक प्रमाणात ते नाकारले. फसविणाऱ्यापाशी खरे बोलण्याचे बंधन त्यांना वाटले नसावे.

भावनगर येथे १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी भय आणि लालूच ही दोन्ही साधने बालशिक्षणात त्याज्य मानली. मुलाला मान द्यावा, हा त्यांच्या शिक्षणाचा पाया होता. तो आपल्या घरातही घालता येईल. ‘बागुलबुवा येईल’ असे भेडसावण्याऐवजी ‘अंधार पडला, आता घरात चल,’ असे खरे कारण सांगावे. पाळता येईल तेवढेच वचन द्यावे. रागाच्या भरात कठोर शब्द गेलाच, तर धाकट्याचीही क्षमा मागावी. त्याने मोठेपणा उणावत नाही, उलट क्षमा कशी मागावी हे तो शिकतो.

मित्रहो, उपदेश करण्याचा अधिकार तुम्हांला कदाचित अद्याप मिळालेला नसेल; परंतु उदाहरण होण्यापासून तुमची सुटका नाही. दादा आणि ताई या शब्दांबरोबरच ते कर्तव्य तुमच्याकडे आले आहे. उद्या ते धाकटे भावंड शाळेत जाईल, मित्रांशी भांडेल, गुरुजनांना उत्तर देईल. तेव्हा त्याच्या मुखी जे शब्द येतील, त्यांत तुमचे किती असतील याचा विचार आजच करा.