आकाशातील ठिपका : ग्लायडर-उड्डाणाचा थेट मागोवा

ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान होय. जमिनीवरील विंचचा दोर किंवा एखादे इंजिनाचे विमान त्याला काही उंचीपर्यंत ओढून नेते आणि सोडून देते. त्या क्षणापासून ग्लायडर भोवतालच्या हवेतून सतत खालीच घसरत असते. ती हवाच त्याच्या घसरण्यापेक्षा अधिक वेगाने वर चढत असेल, तर मात्र ग्लायडरला उंची लाभते. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावरून वर उठणारे उष्ण वायुस्तंभ, म्हणजेच थर्मल, हे या विमानाचे इंधन. हे इंधन कोठे आणि किती मिळेल याचा अंदाज बांधता येतो, पण खात्री देता येत नाही. म्हणून ग्लायडर नेमके कोठे व केव्हा उतरेल, हेही आधी ठामपणे सांगता येत नाही. परतण्याइतकी उंची उरली नाही, तर वैमानिक वाटेतले मोकळे शेत हेरून तेथे उतरतो. याला कोणी अपघात म्हणत नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणाचे ते नेहमीचेच अंग आहे.

परंतु वाट पाहणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते. शेतात सुखरूप उतरलेला वैमानिक आणि डोंगरउतारावर जखमी होऊन पडलेला वैमानिक, हे दोघेही धावपट्टीवरील माणसांच्या दृष्टीने सारखेच 'न परतलेले' असतात. या दोहोंतील भेद लवकर कळणे हा थेट मागोवा घेण्यामागील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा हेतू आहे.

पूर्वीची रीत

भारतात ग्लायडिंगचे नाव निघाले की पुण्याजवळील हडपसरची आठवण होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतील तेथील केंद्रात विंचच्या साहाय्याने ग्लायडर आकाशात चढवण्याची पद्धत रुळलेली आहे. धावपट्टीच्या आसपासच फिरणारे ग्लायडर डोळ्यांनी दिसते, त्याच्याशी रेडिओवर बोलता येते आणि मागोव्याची फारशी गरज भासत नाही. ग्लायडर क्षितिजापलीकडे गेले की प्रश्न उभा राहतो.

जुन्या काळी अशा उड्डाणाचा वृत्तान्त उड्डाण संपल्यावरच समजे. वायुदाबमापक-लेखक नावाचे यंत्र काजळी धरलेल्या पिंपावर उंचीची रेघ ओढीत असे. वळणबिंदूंची छायाचित्रे वैमानिक कॅमेऱ्याने घेत असे. शेतात उतरलेला वैमानिक गावात चालत जाई, टेलिफोन शोधी आणि मग त्याचे साथीदार ग्लायडर सुटे करून वाहून आणण्यासाठी गाडी घेऊन निघत. नव्वदच्या दशकात उपग्रहांवरून स्थान ओळखणारी नोंदणी-यंत्रे आली आणि काजळीचे पिंप व कॅमेरा मागे पडले. तथापि हीही नोंद उड्डाणानंतर वाचावयाची होती. उड्डाण चालू असतानाच ती दूरवरच्या माणसास दिसावी, हे सामान्य वैमानिकाला परवडेल अशा रीतीने शक्य झाले ते खिशातील स्मार्टफोनमुळे.

फोन काय करतो?

या कामी फोन दोन वेगवेगळी कामे करतो आणि वाचकाने ती एकमेकांपासून अलग ठेवणे आवश्यक आहे. पहिले काम स्थान ओळखण्याचे. उपग्रहांकडून येणारे संकेत फोन केवळ ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांचे गणित तो स्वतःच मांडतो. यासाठी मोबाईलचे जाळे लागत नाही. दुसरे काम ते स्थान कळविण्याचे. येथे मात्र मोबाईलचा मनोरा हवा. फोनमधील ॲप ठरावीक सेकंदांनी आपले स्थान इंटरनेटवरील संगणकाकडे धाडते आणि पाहणाऱ्याच्या नकाशावर एक ठिपका पुढे सरकतो.

अँड्रॉइड फोनवर चालणारे 'एक्ससीसोर' हे मुक्त-स्रोत ॲप, स्लोव्हेनियातील नॅविटर कंपनीचे 'सीयू नॅव्हिगेटर' आणि पॅराग्लायडर चालविणाऱ्यांत लोकप्रिय असलेले 'एक्ससीट्रॅक' ही या प्रकारची परिचित साधने होत. वैमानिकाला ती मुख्यतः मार्गदर्शनासाठी लागतात. घरी पोचण्यास किती उंची हवी, वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, निषिद्ध हवाई क्षेत्र किती दूर आहे, हे ती त्याला सांगतात. हडपसरपासून लोहगावचा हवाई दलाचा तळ दूर नाही, हे लक्षात घेतले म्हणजे शेवटच्या माहितीचे मोल समजेल. थेट मागोवा ही या ॲपची एक अधिकची सोय आहे.

रेडिओ व उपग्रह

फोनखेरीज आणखी दोन वाटा आहेत. इ. स. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'फ्लार्म' हे छोटे रेडिओ-यंत्र प्रचारात आले. ग्लायडर एकमेकांवर आदळू नयेत यासाठी ते बनविले गेले. प्रत्येक यंत्र आपले स्थान व पुढील काही सेकंदांचा अपेक्षित मार्ग सतत प्रसृत करते आणि जवळची यंत्रे तो ऐकून वैमानिकाला सावध करतात. पुढे काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले की हे संकेत जमिनीवरूनही ऐकता येतील. अल्प किमतीचा संगणक, लहानसा रेडिओ-ग्राहक आणि गच्चीवरील अँटेना एवढ्या सामग्रीतून 'ओपन ग्लायडर नेटवर्क' हे ग्राही केंद्रांचे जाळे उभे राहिले. युरोपात ते दाट आहे. या पद्धतीत वैमानिकाच्या फोनला काहीच करावे लागत नाही. फोन लागतो तो पाहणाऱ्याला.

तिसरी वाट उपग्रहाद्वारे थेट संदेश धाडणाऱ्या खिशातील यंत्रांची. निर्जन प्रदेशात ती सर्वांत भरवशाची ठरतात. भारतात मात्र परवान्यावाचून अशी उपग्रह-संदेशयंत्रे बाळगणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिला धावपटूला असे यंत्र सोबत असल्यामुळे कारवाईस तोंड द्यावे लागले होते. म्हणून परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलणे आपल्याकडे धोक्याचे आहे. येथील सामान्य वैमानिकाच्या हाती मुख्यतः फोनच उरतो आणि म्हणूनच फोनच्या मर्यादा नीट जाणून घेणे अगत्याचे ठरते.

ठिपका कसा वाचावा

एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुणी हडपसरहून ग्लायडर घेऊन निघाली आहे आणि तेथून सुमारे ८७० किलोमीटर दूर, रायपूरच्या तात्यापाऱ्यात तिचे वडील फोनवर तिचा ठिपका पाहत बसले आहेत. त्यांना काय दिसेल?

ठिपक्यामागील रेषा वेटोळी दिसू लागली, तर ग्लायडर थर्मलमध्ये घिरट्या घालून उंची मिळवीत आहे असे समजावे. वेटोळी एका बाजूला सरकत गेली, तर वारा त्या बाजूला वाहत आहे. रेषा सरळ असेल, तर ग्लायडर एका थर्मलपासून दुसऱ्याकडे घसरत चालले आहे आणि उंचीचा आकडा उतरणे त्यावेळी स्वाभाविकच आहे. थर्मलमधील एक घिरटी साधारण वीस ते तीस सेकंदांत पुरी होते. ॲप दर मिनिटास एकदाच स्थान पाठवीत असेल, तर वेटोळी दिसणारच नाहीत. ठिपका वेड्यावाकड्या उड्या मारीत असल्याचा भास होईल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

उंचीचा आकडा वाचताना विशेष दक्षता हवी. तो बहुधा समुद्रसपाटीपासूनचा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ठिपक्याशेजारी १,५०० मीटर असा आकडा असेल, तर वैमानिकाच्या पायांखाली प्रत्यक्षात सुमारे ९४० मीटरच हवा आहे. डोंगराळ भागात हे अंतर आणखी झपाट्याने बदलते.

शोधाचे गणित

ठिपका थांबला म्हणजे काय समजावे? ठिपका दोन कारणांनी थांबतो : ग्लायडर थांबल्यामुळे, अथवा संदेश थांबल्यामुळे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून शेवटच्या ठिपक्याची वेळ, उंची आणि वेग या तीन गोष्टी प्रथम टिपून घ्याव्यात.

शांत हवेत एक मीटर उंची खर्चून तीस मीटर पुढे जाणारे ग्लायडर घ्या. शेवटचा ठिपका जमिनीपासून १,००० मीटर उंचीवर असेल, तर तेथून ते कोणत्याही दिशेस ३० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शोधावयाचे वर्तुळ सुमारे २,८०० चौरस किलोमीटरचे झाले! वाटेत आणखी एखादा थर्मल लाभला असेल, तर तेही अपुरे पडेल. तोच ठिपका १०० मीटर उंचीवर असेल, तर त्रिज्या ३ किलोमीटर आणि क्षेत्र सुमारे २८ चौरस किलोमीटर, म्हणजे शंभरपट लहान. ताशी ९० किलोमीटर वेगाचे ग्लायडर एका मिनिटात दीड किलोमीटर जाते, दहा सेकंदांत २५० मीटर. यावरून दोन गोष्टी उघड होतात. संदेशांतील अंतर जितके कमी, तितका शोध सोपा. आणि मागोव्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे उड्डाणातील शेवटची काही मिनिटे.

या संदर्भात स्टीव्ह फॉसेट यांचे उदाहरण बोलके आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आयनार एनेव्होल्डसन यांच्यासह अर्जेंटिनात ग्लायडर ५०,७२७ फुटांपर्यंत नेऊन जागतिक विक्रम केला. पुढल्याच वर्षी, ३ सप्टेंबर २००७ रोजी, ते अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातून एका साध्या इंजिनाच्या विमानातून एकटेच निघाले आणि परतले नाहीत. कोणत्या दिशेस जाणार हे त्यांनी नोंदवून ठेवलेले नव्हते. फार मोठा शोध घेण्यात आला. त्यात जुन्या, विस्मृत अपघातांतील विमानांचे अवशेष सापडले, पण फॉसेट सापडले नाहीत. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर एका गिरिभ्रमण करणाऱ्याला त्यांची ओळखपत्रे आढळली आणि १ ऑक्टोबर २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या पर्वतांत विमानाचे अवशेष मिळाले. त्या निर्जन भागात मोबाईल चालला असता असे म्हणता येत नाही. पण त्यांच्या मार्गाची थोडीशी जरी खूण मागे राहिली असती, तरी शोधाचे क्षेत्र खचित आक्रसले असते.

फोन गप्प का होतो?

मोबाईलच्या मनोऱ्यांच्या अँटेना जमिनीवरील माणसांसाठी, किंचित खाली झुकविलेल्या असतात. उंचावरील फोनला एकाच वेळी अनेक मनोरे जाणवतात, परंतु कोणाशीही पक्का संबंध जुळेलच असे नाही. उलट, ग्लायडर दरीत उतरले की डोंगर आड येतात. म्हणजे संदेशाची निकड सर्वाधिक असते तेव्हाच तो तुटण्याचा संभवही सर्वाधिक असतो. चांगली ॲप्स अशा वेळी स्थाने साठवून ठेवतात व संबंध जुळताच एकदम धाडतात. पण संबंध जुळलाच नाही, तर ती साठवण फोनमध्येच पडून राहते.

दुसरा शत्रू उष्णता. ग्लायडरच्या पारदर्शक छताखाली उन्हात ठेवलेला फोन तापून आपोआप बंद पडतो. तिसरे कारण बॅटरी वाचविण्याची व्यवस्था : ॲप पडद्याआड आहे असे पाहून फोन ते स्वतःच बंद करून टाकतो. म्हणून उड्डाणापूर्वी त्या ॲपला या व्यवस्थेतून वगळावे, जोडीला पॉवर बँक ठेवावी, फोन सावलीत व घट्ट बसवावा आणि धावपट्टीवर असतानाच आपला ठिपका दुसऱ्याच्या फोनवर दिसतो की नाही हे पाहून घ्यावे. उड्डाणात मोबाईल चालू ठेवण्याविषयीचे प्रचलित नियम प्रशिक्षकाकडून आधीच समजून घ्यावेत.

कोणी पाहावे?

मागोवा ही दुधारी वस्तू आहे. आपण कोठे आहोत हे जगाला दिसते, त्याचबरोबर आपण घरी नाही हेही दिसते. म्हणून बहुतेक साधनांत ठिपका मोजक्याच माणसांना दाखविण्याची मुभा असते. फ्लार्म यंत्रातही मागोवा नको असल्याची खूण ठेवता येते आणि ओपन ग्लायडर नेटवर्क ती पाळते.

स्पर्धेत प्रश्न न्यायाचा होतो. प्रतिस्पर्ध्याला थर्मल कोठे सापडला हे तत्क्षणी कळले, तर स्वतः शोध घेण्याचे कौशल्य निरर्थक ठरेल. यासाठी स्पर्धांमध्ये ठिपके काही मिनिटांच्या विलंबाने दाखविण्याची प्रथा पडली. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील लेक कीपिट येथे झालेल्या महिलांच्या जागतिक स्पर्धेत विलंबाविना मिळणाऱ्या माहितीच्या वापरावरून मोठा वाद उद्भवला. मात्र सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी हा विलंब असता कामा नये.

शेवटी, पाहणाऱ्याचे कर्तव्य

तात्यापाऱ्यातील त्या वडिलांकडे पुन्हा वळू. दुपारी साडेतीनला मुलीचा ठिपका थांबला आहे. त्यांनी काय करावे? याचे उत्तर उड्डाणाआधीच ठरलेले असावयास हवे. ठिपका किती वेळ थांबला असता फोन करावयाचा, धावपट्टीवरील कोणाला करावयाचा, अंधार पडण्यापूर्वी कोणत्या घटकेला ११२ या क्रमांकावर मदत मागावयाची, हे मुलीने कागदावर लिहून त्यांच्याजवळ दिलेले असावे. शेतात सुखरूप उतरल्यावर ग्लायडर बांधण्याआधी दोन शब्दांचा संदेश धाडणे, आणि फोन लागत नसेल तर गावातील कोणाकडून निरोप पोचविणे, हे तिचे काम.

असा करार नसेल, तर वडील एकतर प्रत्येक अडखळलेल्या ठिपक्याला घाबरून जातील, नाहीतर दहा वेळा तो आपोआप पुन्हा सरकला म्हणून अकराव्या वेळीही निश्चिंत बसून राहतील. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक. ठिपका केवळ दिसतो. त्याचा अर्थ लावून वेळीच उठणारा माणूस जमिनीवर असेल, तरच वैमानिकाला त्याचा आधार.