रोग्यानें विचारावयाचा प्रश्न

रोगी रुग्णालयांत जातो तो बरा होण्यासाठीं. परंतु तेथें त्यास मूळ दुखण्याहून निराळाच एखादा रोग जडण्याचा संभव असतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. एका खाटेवरील जंतु दुसऱ्या खाटेपर्यंत जाण्याचें मुख्य वाहन म्हणजे माणसाचा हात. तो डॉक्टरांचा असेल, परिचारिकेचा असेल, किंवा संत्रीं घेऊन समाचारास आलेल्या मामांचाही असेल.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाची हकीकत या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तेथें प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभरांपैकीं सुमारें ११ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यांत ३ हूनही कमी. शहरांतील बायकांस हें पक्कें ठाऊक होतें, आणि पहिल्या विभागांत जाण्याची पाळी आली कीं दुसऱ्यांत घ्या म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहांत येत. सुइणींस तें काम नसे. हें ओळखून डॉ. इग्नाझ सेमेल्वाइस यांनीं १८४७ च्या मे महिन्यांत सर्वांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुण्यास लाविलें. एप्रिलांत शेंकडा १८ असलेलें मृत्युमान जूनमध्यें सुमारें २ वर आलें. सेमेल्वाइस यांची कीर्ति गाइली जाते तें योग्यच आहे; पण धोका कोठें आहे हें त्या बायकांनीं आधींच ओळखलें होतें, एवढें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं हस्तशुद्धीविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत रोग्यास या कामीं सहभागी करून घेण्याचाही विचार आहे. "आपण हात धुतलेत ना?" असें डॉक्टरांस विचारणें आपल्याकडे उद्धटपणाचें वाटेल, घरचे आजोबा तर रागावतीलच. वस्तुतः त्यांत अपमान कसला? घाईच्या वेळीं शहाणाही विसरतो. मात्र रोग्यास धीर यावा म्हणून डॉक्टरांनींच आधीं "अवश्य विचारा" असें सांगितलें पाहिजे. तापानें फणफणलेल्या माणसावर सारा भार टाकणें न्यायाचें नव्हे.

सलाइनची सुई टोंचलेली जागा लाल झाली, सुजली वा दुखूं लागली, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहतां परिचारिकेस सांगावें. लघवीची नळी अजून हवी का, हें रोज विचारावें. ती जितके दिवस राहील तितका जंतूंचा शिरकाव संभवतो. शस्त्रक्रियेपूर्वीं घरीं वस्तऱ्यानें केस काढूं नयेत, कारण बारीक ओरखड्यांतूनही जंतु शिरतात.

आणि समाचारास जाणाऱ्यांनीं? सर्दी-खोकला असेल तर घरींच राहावें. आंत जातांना व बाहेर येतांना हात धुवावे: साबण-पाण्यानें ४० ते ६० सेकंद, मद्यार्कयुक्त द्रावणानें २० ते ३०. विद्यार्थ्यांनीं हें एकदां घड्याळासमोर उभें राहून करून पाहावें. ४० सेकंद किती लांबतात तें कळेल.